इंजिनाचा उसासा

दिवाळी आली की घराघरांतून झाडलोट सुरू होते. माळ्यावरची जळमटे निघतात, कोनाड्यांतली काजळी पुसली जाते, फडताळातले डबे उन्हाला लागतात आणि वर्षभराचा केरकचरा सुपात भरून बाहेर टाकला जातो. हा ‘बाहेर’ शब्द मोठा सोयीचा आहे. उंबरठ्याच्या अलीकडचे ते आपले आणि पलीकडचे ते कोणाचेच नव्हे, असा आपला एक जुना समज आहे. शेजारणीचा आवाज चढला म्हणजे मात्र लक्षात येते, की आपण ज्याला बाहेर म्हणतो ते तिचे अंगण आहे.

मला आज अशाच एका ‘बाहेर’चा इतिहास सांगायचा आहे. तो घराचा नाही, इंजिनाचा आहे. आणि इंजिनाचाही सगळा नाही, तर फटफटीच्या पोटातून निघणाऱ्या बोटभर जाडीच्या एका नळीचा. एवढ्याशा नळीला कसला आला आहे इतिहास, असे वाचक म्हणतील. पण या नळीचे तोंड कोणीकडे असावे, या प्रश्नापायी जगात माणसे मेली आहेत, एका महानगराचे डोळे चुरचुरले आहेत आणि बड्या कारखानदारांवर सरकारने दावे लावले आहेत. आमच्या घरापुरते बोलायचे तर एक नवे कोरे पातळ फुकट गेले आहे. कथेची सुरुवात त्या पातळापासूनच करणे बरे.

माझे मामा दौंडला रेल्वेत फायरमन होते. दौंड हे गाव रेल्वेने वाढवलेले. मुंबई–मद्रास मार्ग येथून जातो. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. पुढे बारामतीची चिमुकली नॅरोगेज गाडीही येथूनच सुटू लागली. अशा गावात लहानाचा मोठा झालेला माणूस इंजिनाला भीत नाही. मामांची आणि वाफेच्या इंजिनाची तर रोजची सलगी. आणि ते इंजिनही मनाने मोकळे! त्याचे सारे दांडे, सारे सांधे उघड्यावर. ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन खाली उतरे, प्रत्येक सांध्यात तेल घाली, हाताचा उलटा तळवा लावून कोणता सांधा तापला आहे ते पाही. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या पोरालासुद्धा दिसे.

१९७० च्या आसपास मामांनी एक जुनी फटफटी विकत घेतली. पाडव्याच्या दिवशी मामींना मागे बसवून ते सिद्धटेकच्या गणपतीला निघाले. शिरापूरपर्यंत रस्ता, मग होडीतून भीमा ओलांडायची, असा तेव्हाचा प्रवास. होडीत बसताना मामींचे लक्ष पातळाच्या काठाकडे गेले. जरीच्या काठावर काळ्या तेलाचे बारीक बारीक शिंतोडे, जणू कोणी पिचकारीने उडवले असावेत. मामांनी समजूत घातली, “अगं, इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला नळी असते. त्यातून थोडे तेल येतेच.” मामी म्हणाल्या, “अहो, बाहेर म्हणता, मग माझे पातळ काय बाहेर आहे?”

या प्रश्नाला मामांजवळ उत्तर नव्हते. खरे म्हणजे ते तेव्हा आपल्याकडच्या कोणा फटफटीवाल्याजवळच नव्हते.

ही नळी असते कशासाठी, ते आधी पाहू. १८८५ साली जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यावर एक लहान पेट्रोल इंजिन बसवून जगातली पहिली मोटारसायकल म्हणता येईल अशी गाडी चालवली. तिचे इंजिन जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. वाफेच्या इंजिनासारखे त्याचे दांडे उघडे नव्हते. फिरणारा क्रँक, त्याला जोडलेला दांडा आणि तेल, हे सारे एका बंद धातूच्या पेटीत होते. या पेटीला क्रँककेस म्हणतात. रस्त्यावरची धूळ आत जाऊ नये आणि तेल सर्व भागांवर उडत राहावे, हा पेटीचा उपयोग. कल्पना उत्तम होती. पण पेटी बंद केली की तिच्यात श्वास कोंडतो.

तो कसा कोंडतो? सायकलच्या पंपाची आठवण करा. पंपाचा दट्ट्या खाली दाबला की खालची हवा वाट शोधते. इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये असाच वरखाली होत असतो. त्याच्या वरच्या बाजूला पेट्रोलचा भडका उडतो आणि खालच्या बाजूला क्रँककेस असते. ३५० सीसीच्या बुलेटचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटर. हिशेब केला तर ३४६ घनसेंटिमीटर येतात. म्हणजे पिस्टन दर खेपेला खाली येतो तेव्हा जवळजवळ दोन फुलपात्री हवा पोटात ढकलतो आणि वर जाताना तेवढीच ओढून घेतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही ढकलाढकली मिनिटाला हजार लिटरांवर जाते! एवढ्या हवेला जायला-यायला वाट नको? नाही दिली तर ती आपली वाट आपण काढते, सांध्यांतून, पॅकिंगमधून, ऑइल सीलच्या कडेने; आणि जाताना तेल बरोबर घेऊन जाते.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. पिस्टनभोवती लोखंडी रिंगा असतात. वरचा भडका खाली उतरू नये म्हणून त्या पहारा देतात. पण पहारेकरी कितीही चोख असला तरी काही ना काही निसटतेच. प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यात न जळलेले पेट्रोल असते, धूर असतो आणि वाफ असते. वाफेचे प्रमाण ऐकून नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून सुमारे लिटरभर पाणी तयार होते. ते बहुतेक धुराड्यावाटे जाते. पण जे थोडे खाली उतरते ते थंड इंजिनात तेलाशी घुसळले जाऊन लोण्यासारखा पांढुरका लगदा बनते. मार्गशीर्षातल्या थंडीत गाडी रोज मैलभर चालवून बंद करणाऱ्यांनी तेलाचे झाकण उघडून पाहावे, हे लोणी त्यांना भेटेल. या पाण्यात आम्लेही असतात, आणि ती आतल्या पोलादाला खातात.

तेव्हा पोटातली ही हवा बाहेर गेलीच पाहिजे. तिच्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. मराठीत त्याला इंजिनाचा उसासा म्हणायला हरकत नाही.

अगदी सुरुवातीच्या फटफट्यांत तर तेलाचा हिशेबच उधळपट्टीचा होता. स्वाराने काही मैलांनी हातपंपाचा एक दट्ट्या मारायचा, तेल क्रँककेसमध्ये उतरायचे, उडायचे, जळायचे आणि राहिलेले गळून किंवा उसाशाबरोबर रस्त्यावर जायचे. परत काही मिळायचे नाही. पुढे तेल फिरवणारा पंप आला आणि तेच तेल पुन्हापुन्हा वापरात येऊ लागले. मग ते उसाशाबरोबर उडून जाऊ नये, अशी काळजी घेणे भाग पडले.

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कारखान्याने बुलेटसाठी काढलेली युक्ती फार सुबक होती. क्रँककेसच्या एका बाजूला लहानशी डबी, तिच्यात पातळ पोलादी चकत्या. पिस्टन खाली आला की हवेच्या दाबाने चकत्या उचलल्या जातात आणि हवा बाहेर पडते. पिस्टन वर गेला की चकत्या आपसूक बसतात आणि बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. पाच-पंचवीस फेऱ्यांत पोटातली जादा हवा निघून जाते आणि आत किंचित पोकळी राहते. पोकळी असली की तेल सांध्यांतून बाहेर झिरपण्याऐवजी आतच ओढले जाते. पुढे चकत्यांच्या जागी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप आली, काम तेच. म्हणजे ज्या इंजिनाचा उसासा नीट सुटतो ते दुसरीकडून गळत नाही. माणसांचेही बहुधा असेच असावे.

या बुलेटची आपल्याकडची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या. त्या पसंत पडल्या. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. मूळचा रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालत राहिली. तिच्याबरोबर तो जुना उसासाही चालत राहिला. त्याची तेलकट वाफ मागच्या चेनच्या बाजूला सोडलेली असे. त्यामुळे चेनला आपोआप तेल मिळे. वाया जाणारी वस्तू कामी लावण्याची ही जुन्या कारागिरांची काटकसर. पण चेनला लागून उरलेले तेल कोठे जाते, याचा विचार त्या काटकसरीत नव्हता. ते रस्त्यावर जाई, आणि रस्ता बाहेर होता!

आता पुन्हा मामांकडे वळू. सिद्धटेकहून परत आल्यावर त्यांनी आपल्या मते रामबाण उपाय केला. नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली आणि वरून सुतळी आवळली. शिंतोडे थांबले. मामी प्रसन्न झाल्या. पण आठ दिवसांत इंजिन चहूबाजूंनी पाझरू लागले. ज्या सांध्यांतून पूर्वी थेंबही येत नव्हता तेथून तेल वाहू लागले. एक ऑइल सील तर जागेवरून सरकले, आणि उभ्या फटफटीखाली परसात तेलाचे थारोळे साचू लागले. अखेर गाडी ढकलत स्टेशन रोडवरच्या मिस्त्रीकडे न्यावी लागली. मिस्त्रीने खुंटी पाहिली आणि हसून विचारले, “फायरमनसाहेब, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोरीने बांधून कधी गाडी हाकली आहे का?”

मामा शरमले. वाफेचा जो धडा त्यांना पाठ होता तो बंद पेटीपुढे ते विसरले होते. उसासा दाबून टाकता येत नाही. त्याला वाट द्यावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती वाट कोणाच्या अंगावर जाते.

मामांच्या चुकीची किंमत एक ऑइल सील होती. पण हाच कोंडलेला वायू मोठ्या इंजिनात केवढे भयंकर रूप घेतो, ते सप्टेंबर १९४७ मध्ये जगाने पाहिले. ‘रेइना देल पॅसिफिको’ नावाचे प्रवासी जहाज महायुद्धात सैनिकांची ने-आण करून पुन्हा प्रवाशांसाठी सज्ज होत होते. बेलफास्टच्या गोदीत दुरुस्ती आटोपल्यावर उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ त्याची चाचणी चालू होती. ११ सप्टेंबरला एका इंजिनातला पिस्टन अतिशय तापला, क्रँककेसमध्ये भरलेल्या तेलाच्या धुक्याने पेट घेतला आणि एकामागून एक चारही इंजिनांच्या क्रँककेस फुटल्या. इंजिनघरात काम करणारे आणि चाचणी पाहणारे मिळून २८ जण मरण पावले. स्फोटाचा दाब वेळीच सोडणारी दारे क्रँककेसवर असलीच पाहिजेत, हे या अपघाताने साऱ्या जगाला पटवले.

तेलाचे धुके असे पेट घेते, म्हणून मोठ्या इंजिनांत त्याला नुसती वाट ठेवून भागत नाही. दौंडच्या लोकांनी हे नकळत रोज पाहिले आहे. १९६२ पासून भारतात अमेरिकन बनावटीची २,६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने आली आणि १९६४ पासून तीच वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. डब्ल्यूडीएम-२ या नावाने ती देशभर धावली. या इंजिनाच्या क्रँककेसमधले धुके ओढून काढण्यासाठी विजेच्या मोटारीवर चालणारा एक खास पंखा असे, आणि ओढलेले धुके छपरावरच्या नळीतून आकाशात सोडले जाई. मामांच्या फटफटीचीच ही गोष्ट. फक्त जमिनीऐवजी आभाळ. आणि आभाळाला तर कोणी शेजारीण नाही, असे सर्वांना वाटत होते.

हा समज मोडायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही हवेची काळजी म्हणून नव्हे, तर पाण्याच्या भीतीने. त्या काळच्या मोटारींत क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळू लागली की वाऱ्याच्या झोताने नळीतली वाफ ओढली जाई. गाडी उभी राहिली की ओढ संपली. पण रणगाडा आणि जीप यांना नदीनाल्यांत उतरावे लागे. नळीचे तोंड पाण्याखाली गेले की वाफ अडते आणि पाणी आत शिरू पाहते. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आमच्या दौंडकरांना जवळचे. सुट्टीत मुलांना घेऊन गेलात तर त्या काळच्या रणगाड्यांकडे या दृष्टीनेही पाहा. अभियंत्यांपुढे प्रश्न असा होता, की चारी बाजूंनी पाणी असताना ‘बाहेर’ आणायचे कोठून?

उत्तर सोपे निघाले. बाहेर नसेल तर आत. नळीचे तोंड वळवून इंजिन जेथून हवा ओढते तेथेच जोडले. इंजिन श्वास घेतेच आहे. त्या श्वासाबरोबर आपला उसासा परत घेईल. त्यातले पेट्रोल जळून जाईल आणि वाफ धुराड्यावाटे निघून जाईल. यात अडचण एकच होती. इंजिन मंद चालत असताना त्याची ओढ फार जोराची असते. नळी मोकळी ठेवली तर ते नको तेवढी हवा ओढून घेईल आणि अडखळेल. म्हणून मध्ये स्प्रिंगचा एक लहानसा व्हॉल्व्ह बसवला. ओढ वाढली की तो वाट अरुंद करतो, ओढ कमी झाली की रुंद; आणि कार्बुरेटरकडून उलटा भडका आलाच तर वाट बंद करून टाकतो. विलिस जीपमध्ये हा व्हॉल्व्ह होता. १९४७ नंतर महिंद्र कंपनीने हीच जीप आपल्याकडे आणली. म्हणजे आपल्या घाटरस्त्यांवर धुरळा उडवीत जाणाऱ्या जीपला जी रीत ठाऊक होती, ती तेव्हाच्या झुळझुळीत मोटारींना ठाऊक नव्हती.

युद्ध संपले आणि पाण्याची भीती सरली, तशी मोटारींची नळी पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. तिला दुसऱ्यांदा वळवले ते लॉस एंजेलिस शहराने. तीन बाजूंनी डोंगर, समोर समुद्र, वर उबदार हवेचे झाकण आणि खाली लाखो मोटारी. १९४३ च्या उन्हाळ्यात तेथे असे दाट, डोळे झोंबवणारे धुके पसरले, की शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी लोकांना शंका आली. आरी हागेन-स्मिट हे हॉलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ तेथे अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करत होते. त्यांनी हे झोंबणारे धुके हाती घेतले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की न जळलेले पेट्रोल आणि धुरातले नायट्रोजनचे वायू यांवर ऊन पडले म्हणजे हे विष तयार होते. म्हणजे शत्रू बाहेरचा नव्हता. तो प्रत्येकाच्या दारात उभा होता.

मग तपास सुरू झाला, की हे न जळलेले पेट्रोल येते कोठून? धुराड्यातून येते हे उघड होते. पण त्या काळच्या मोटारीतून सुटणाऱ्या अशा वायूंचा सुमारे पाव हिस्सा क्रँककेसच्या नळीतून येत होता, हे कळल्यावर सारे चकित झाले. आतापर्यंत या नळीकडे कोणी पाहिलेच नव्हते. कॅलिफोर्नियाने १९६१ साली नियम केला, की नव्या मोटारींचा उसासा परत इंजिनातच गेला पाहिजे. १९६३ पासून तो अमलात आला. मोटारीच्या धुरावर आज जगभर जे कायदे आहेत त्यांची मुहूर्तमेढ धुराड्यावर नव्हे, तर या नगण्य नळीवर रोवली गेली!

आणि उपाय तर युद्धकाळापासून तयार होता. स्वस्तही होता. मग तो आधी का बसवला नाही? हा प्रश्न अमेरिकेच्या सरकारलाही पडला. जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या न्याय खात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर दावा लावला. धूर आवरण्याची साधने लवकर बसवायची नाहीत, असे या कंपन्यांनी आपसात संगनमत केले, असा आरोप होता. आणि त्या साधनांत हा लहानसा व्हॉल्व्हही होता. त्याच वर्षी कंपन्यांनी दोष कबूल न करता समझोता केला आणि खटला उभा राहिला नाही. त्यामुळे खरेखोटे न्यायालयात ठरले नाही. मोटारसायकलींची पाळी मात्र आणखी उशिरा आली. अमेरिकेत १९८० च्या मॉडेलपासून त्यांनाही क्रँककेसची वाफ हवेत सोडण्याची बंदी झाली.

आपल्याकडे या काळात वेगळेच नाटक चालू होते. बजाजच्या स्कूटर आणि १९७२ साली निघालेली नगरच्या कायनेटिकची लूना या दोन-स्ट्रोक गाड्या घराघरांत पोचल्या. दोन-स्ट्रोक इंजिनाची गंमत अशी, की त्याला उसाशाची नळीच नसते. पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येते आणि पिस्टन खाली आला की तिथून वर ढकलले जाते. पोटातली हवा बाहेर सोडण्याचा प्रश्न आला नाही. तीच तर इंजिनाची शिदोरी. पण या साधेपणाची भरपाई धुराड्याने केली. ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच मागच्या दाराने निघून जाई. लूनाच्या मागून चालणाऱ्याला निळ्या धुराचा तो गोडसर वास अजून आठवत असेल. एका दारावर कडी घातली की केर दुसऱ्या दाराने जातो, तशातला हा प्रकार.

आपल्या देशात पेट्रोल गाड्यांच्या धुराला १९९१ पासून मर्यादा आल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्या. दोन-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या, चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर उसाशाची नळीही परत आली. पण आता तिचे तोंड हवेच्या गाळणीकडे वळलेले होते. जुन्या बिडाच्या सिलिंडरची बुलेट २०१० च्या सुमारास बंद होऊन तिच्या जागी नवे इंजिन आले. १ एप्रिल २०२० पासून दुचाकींना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. क्रँककेसमधला वायू हवेत जाता कामा नये, हे त्यात स्पष्टच आहे. नव्या गाड्यांच्या अशा चाचण्या घेणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही ती संस्था. क्रँककेसची चाचणी मोठी साधी असते. गाडी चालू ठेवून इंजिनाच्या पोटातला दाब मोजायचा. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा वाढता कामा नये. आमच्या मामांची खुंटी या चाचणीत पहिल्याच क्षणी पकडली गेली असती.

मामांच्या मिस्त्रीजवळ दाबमापक नव्हता, नियमांचे पुस्तकही नव्हते. पण त्याने त्या दिवशी केले ते नेमके हेच. खुंटी उपटून त्याने नळीला रबराचा नवा तुकडा जोडला आणि तो सीटखाली वर नेला. तेथे पत्र्याची एक लहान डबी बांधली. डबीत खालच्या बाजूने नळी आत गेली आणि वरच्या बाजूने दुसरी निघून हवेच्या गाळणीत शिरली. वाफेतले तेल आणि पाणी डबीत बसायचे, हलकी वाफ पुढे इंजिनाच्या श्वासात मिसळायची. काम करता करता त्याने मामांना दोन-तीन गोष्टी बजावल्या. नळी कोठेही खाली झोळ पडू देता चढती न्यायची नाही असे करू नका, म्हणजे ती सरळ चढतीच असली पाहिजे. झोळ पडला की त्यात पाणी साचते आणि वाट बंद होते. नळी मूळच्या भोकापेक्षा बारीक घ्यायची नाही. झडप इंजिनाच्या जवळ ठेवायची, दूर नाही. आणि डबी दर आठवड्याला रिकामी करायची. भरली तर तेल गाळणीत जाईल आणि गाडी धूर ओकेल.

मामींचे पातळ त्यानंतर कधी खराब झाले नाही. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी उसाशातल्या तेलाने चेन भिजत असे. आता ती कोरडी पडू लागली. म्हणून दर रविवारी सकाळी मामा परसात बसून लांब चोचीच्या बुधलीने चेनला तेल घालत आणि डबी रिकामी करत. डबीतला काळा चिकटा ते मोरीत ओतायला निघाले, तेव्हा मामींनी त्यांना एकदा नुसते पाहिले. मग मामांनी परसात एक जुना डबा ठेवला. तो भरला म्हणजे मिस्त्रीकडे पोचता होई. काम वाढले खरे. पण जे काम पूर्वी रस्त्याच्या आणि दुसऱ्यांच्या अंगावर पडत होते ते आता मामांच्या वाट्याला आले, एवढाच त्याचा अर्थ.

आज दौंडच्या मार्गांवर विजेची इंजिने धावतात. रस्त्यावर विजेच्या दुचाकी दिसू लागल्या आहेत. त्यांना क्रँककेस नाही आणि उसासाही नाही. त्यांची वीज कोठे तयार होते आणि बॅटरी जुनी झाल्यावर कोठे जाते, हे प्रश्न त्यांच्याही मागे आहेतच. ती नळी किती लांब आहे, एवढाच फरक. तिचे तोंड शोधून काढणे हे आपल्या नातवंडांचे काम असेल.

मामा गेले, मामीही गेल्या. ते पातळ मात्र घरात आहे. काठावरचे डाग धुऊन धुऊन फिकट झाले, पण गेले नाहीत. दिवाळीच्या झाडलोटीत ट्रंक उघडली की ते हाती येते, आणि केराचे सूप घेऊन दाराबाहेर जाणारा आमच्या घरातला माणूस क्षणभर थांबतो. त्याला मामींचा प्रश्न आठवलेला असतो.